दान आणि देणे

घरातील मुलगा वा मुलगी कॉलेजात जाऊ लागली, की केव्हातरी ती एखाद्या दलाचे, मंडळाचे किंवा संघटनेचे नाव घेऊन घरी येते, आणि तेव्हापासून जेवणाच्या वेळच्या बोलण्याचा सूर पालटतो. कुठे वस्तीत रात्रीचा वर्ग चालवावयाचा असतो, कुठे मोर्चास जावयाचे असते, कुठे पाण्यासाठी, जमिनीसाठी वा मजुरीसाठी भांडणाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावयाचे असतात. आईस काळजी वाटते की अभ्यास बुडेल. वडिलांस वाटते की पोलिसांत नाव लागेल. क्वचित एखाद्या घरी याच्या उलट घडते. तेथे आईबापांस अभिमान वाटतो, आपल्या पोटी त्यागी मूल निपजले म्हणून चारचौघांत सांगितले जाते. वरवर पाहता भीती आणि अभिमान या परस्परविरुद्ध वृत्ती दिसतात. परंतु थोडा विचार केला, तर दोहोंचा उगम एकच आहे असे आढळून येईल. आपले काय जाणार, हाच विचार दोन्ही ठिकाणी प्रधान असतो. एक घर त्या जाण्यास भिते, दुसरे त्याचा गौरव करते. ज्यांच्यासाठी हे मूल बाहेर पडले त्यांचे काय म्हणणे आहे, हे मात्र दोन्ही घरी कोणी विचारीत नाही.

ही दृष्टी आपल्या घरांत आली कोठून? तिचा बराच भाग वाङ्मयातून आला, असे आमचे मत आहे. मराठी मध्यमवर्गाने सामाजिक न्यायाच्या कार्यात पडणारा तरुण प्रथम कादंबरीत पाहिला आणि मग अंगणात पाहिला. म्हणून त्या तरुणाचे आपल्या वाङ्मयाने कसे चित्र काढले, हे पाहणे ही केवळ टीकाकारांपुरती गोष्ट नाही. ती घराघरातील गोष्ट आहे. या लेखात तीन पुस्तकांच्या आधारे हा विचार करण्याचे योजिले आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘कन्यादान’ हे १९८३ सालचे नाटक, गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली निघालेले पुस्तक, आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा १९८९ चा ग्रंथ, ही ती तीन पुस्तके होत. पहिले नाटक, दुसरे आठवणींचे पुस्तक, तिसरा इतिहास व मुलाखती यांचा संग्रह. ग्रंथालयात ही तीन एका कपाटात बहुधा सापडावयाची नाहीत. परंतु एकमेकांशेजारी ठेवून वाचली असता ती परस्परांवर जो प्रकाश पाडतात, तो एकेकटे वाचून पडत नाही.

१

ध्येयवादी तरुण हा मराठी कादंबरीचा जुना नायक. वि. स. खांडेकर, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या कादंबऱ्यांतून आणि साने गुरुजींच्या ‘धडपडणारी मुले’सारख्या पुस्तकांतून तो १९३० नंतरच्या दशकात घरोघर पोहोचला. त्या पुस्तकांनी केलेले कार्य लहान नव्हे. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हा जी मुले त्याच्या शाखांवर गोळा झाली त्यांची मने या वाङ्मयाने आधीच नांगरून ठेवली होती. या ऋणाचा उल्लेख केल्यावाचून त्या कादंबऱ्यांवर टीका करणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि या वाङ्मयाने तरुणास मोजण्याचे जे माप तयार केले, ते बहुतांशी त्यागाचे माप होते. त्याने नोकरी सोडली, श्रीमंत सासर नाकारले, प्रेमावर पाणी सोडले, तुरुंग पत्करला. आणि या प्रत्येक वेळी वाचकाचे डोळे पाणावले. पाणावलेल्या डोळ्यांना समोरचा नायक तेवढा दिसतो. ज्या मजुरासाठी, ज्या अस्पृश्यासाठी, ज्या कुळासाठी त्याने हे सोडले, तो मागल्या पडद्यावर रंगविलेल्या झाडासारखा उभा राहतो. त्याला नाव असले तरी मत नसते. नायकाचे चुकले असे तो म्हणत नाही, त्याच्याकडे हिशेब मागत नाही, आणि त्याची मदत नको असे तर कधीच म्हणत नाही.

आपल्या भाषेत ‘दान’ आणि ‘देणे’ असे दोन शब्द आहेत. त्यांचे मूळ एकच असले तरी व्यवहारात त्यांच्यामध्ये मोठे अंतर पडले आहे. दान किती करावे, केव्हा करावे, कोणाला करावे हे दात्याच्या मर्जीवर असते. घेणाऱ्याने हात पुढे करावा आणि आशीर्वाद द्यावा. देणे तसे नव्हे. ते ज्याचे असते त्याने दारात येऊन मागावे असे असते. मुदत त्याची, रक्कम ठरलेली, आणि फेडणाऱ्याची स्तुती करण्याचे कोणास कारण नाही. सामाजिक अन्याय हे समाजाच्या एका भागाचे दुसऱ्या भागाकडे थकलेले देणे आहे, हे तत्त्व म्हणून आपण सगळेच मान्य करतो. परंतु तरुणाचे चित्र काढू लागलो की आपली लेखणी नकळत दानाकडे वळते.

२

हे सर्वांत तीव्रपणे जाणवते ते ‘कन्यादान’मध्ये. नाटकाच्या नावातच तो शब्द आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे तेंडुलकरांनी तो पूर्ण जाणतेपणाने योजिला आहे. नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार. पत्नीचे नाव सेवा, मुलाचे नाव जयप्रकाश, मुलगी ज्योती. नावांवरूनच घराचा इतिहास कळावा. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करण्याचा मनोदय घरी सांगते. सेवा साशंक होते. तिची शंका जातीविषयी नसून त्या मुलाच्या वागणुकीविषयी आहे, आणि आई म्हणून ती रास्त आहे. नाथांना मात्र हे लग्न म्हणजे आपल्या जन्मभराच्या भाषणांवर उमटलेली मोहोर वाटते. लग्न होते. अरुण ज्योतीस मारहाण करतो. ती परत येते, तेव्हा हा प्रयोग फसता कामा नये म्हणून नाथच तिने परत जावे असे पाहतात. पुढे अरुणचे आत्मचरित्र गाजते. त्या पुस्तकाच्या समारंभात गर्भवती मुलीच्या काळजीने नाथ मनाविरुद्ध जाऊन त्याची स्तुती करतात, आणि ज्योती घरी येऊन त्या खोट्या भाषणाबद्दल बापास जाब विचारते. तुम्ही शिकविलेल्या तत्त्वांनीच मला परतीची वाट ठेवली नाही, हा तिच्या बोलण्याचा आशय. ती नवऱ्याच्या घरी निघून जाते आणि नाथ भग्न अवस्थेत उरतात.

या नाटकाबद्दल तेंडुलकरांस १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. आणि याच नाटकासाठी आपल्यावर एकदा चप्पल फेकली गेली होती, हे त्यांनी तो सन्मान स्वीकारताना सांगितले. अरुणच्या रूपाने दलित तरुणाची विकृत प्रतिमा उभी केली हा आक्षेप तेव्हापासून चालत आला आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो ज्या रीतीने मांडला जातो त्या रीतीने त्याचे उत्तर देणे नाटककारास सोपे जाते. दलित मनुष्य दुष्ट असू शकत नाही काय, असे विचारले की वाद संपतो. कारण कोणत्याही जातीचा मनुष्य दुष्ट असू शकतो, हे कोण नाकारील?

आमचा आक्षेप निराळा आहे. अरुण दुष्ट आहे हे त्या पात्राचे वैगुण्य नव्हे. तो एकटा आहे, हे खरे वैगुण्य आहे. या नाटकाच्या आधीच्या दशकात महाराष्ट्रात दलित तरुणांनी काय केले नव्हते? १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. अस्पृश्यांवरील अत्याचारांची नोंद घेणारा इळयापेरुमल समितीचा अहवाल सरकारदरबारी येऊन पडला होता. गावोगावच्या अत्याचारांच्या बातम्या येत होत्या. आणि त्या बातमीमागोमाग त्या गावी जाऊन उभे राहणारे तरुण प्रथमच संघटितपणे दिसू लागले होते. त्यांत कवी होते, लेखक होते. ‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ सालीच निघाला, तेव्हा नामदेव ढसाळ अवघे तेवीस वर्षांचे होते, आणि त्या संग्रहास प्रस्तावना खुद्द तेंडुलकरांची होती. म्हणजे दलित कवी हा संघटनेत वावरणारा, मित्रांशी भांडणारा, सभेस उशिरा येणारा, पोलीस चौकीत बसलेला प्राणी आहे, हे नाटककारास अज्ञात नव्हते. तरीही देवळालीकरांच्या दिवाणखान्यात जो अरुण येतो त्याच्या मागे कोणी नाही. त्यास जाब विचारणारा एक मित्र नाही, वस्तीतील एक वडीलधारी बाई नाही. ज्योतीच्याही मागे कोणी नाही. तिला मारहाण झाली तेव्हा ती बापाच्या घरीच येऊ शकते, कारण नाटकात दुसरी जागाच नाही. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांची मंडळे पुण्यामुंबईत त्या काळी निघाली होती. त्यांतील एकीचाही पाय या घरास लागत नाही.

नाटक एका दिवाणखान्यात घडवावयाचे तर पात्रे मोजकीच असावयाची, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु रंगभूमीवर न आलेली माणसेही बोलण्यातून घरात येतात. ती येथे येत नाहीत, याचे कारण नाटकाच्या गाभ्यात आहे. तेंडुलकरांस तपासावयाचे होते ते नाथांना. आणि ती तपासणी त्यांनी निष्ठुरपणे व निर्विवाद उत्कृष्ट केली आहे. दान करणाऱ्यास आपल्या दानाचा मोह कसा पडतो, मग दान म्हणून दिलेल्या जिवंत मुलीचे दुःखही त्यास कसे गैरसोयीचे वाटू लागते, हे याहून स्पष्टपणे मराठीत कोणी दाखविलेले नाही. नाथांचा दोष ध्येयवाद हा नाही. त्यांचा ध्येयवाद कोणास उत्तर देण्यास बांधलेला नाही, हा त्यांचा दोष आहे. ते व्यासपीठावर बोलतात आणि घरी बोलतात. मध्ये कोणी उलट विचारणारा नाही. परंतु पडदा पडल्यावर प्रेक्षक जो निष्कर्ष घेऊन घरी जातो तो बहुधा असा नसतो. तो म्हणतो, पहा, मुलांच्या डोक्यात न्यायाचे वेड भरविले की असे होते. नाटकातील पुराव्यावरून हा निष्कर्ष निघत नाही. पण तो काढण्यास नाटकाने वाट मोकळी ठेवली आहे, आणि हे आम्हांस त्याचे खरे न्यून वाटते.

३

दानाच्या वृत्तीने निघालेला मनुष्य देण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचावे. गोदावरीबाई १९०७ साली सुखवस्तू गोखले कुटुंबात जन्मल्या, कायद्याच्या पदवीधर झाल्या, आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. म्हणजे तरुणपणी त्या ज्या संस्थेत गेल्या तिच्या नावातच सेवा होती. तेथून निघून शामराव परुळेकरांसह त्या किसान सभेच्या कार्यात पडल्या आणि १९४५ च्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांत पोहोचल्या. तोवर त्यांची चाळिशी जवळ आली होती. परंतु त्या भागातील जीवनाच्या दृष्टीने त्या नवशिक्याच होत्या, आणि पुस्तकाची गोडी यातच आहे की ते त्यांनी लपविलेले नाही.

तेव्हा वारली जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबत असे. लग्नापुरते कर्ज काढले म्हणून नवरा-बायको दोघेही सावकाराचे बंदे होत. अशास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान परिषद भरली, तेथे आलेल्या मोजक्या वारल्यांत माह्या धांगडा होते. त्यांनी आपल्या लोकांची हकीगत सांगितली आणि मग त्यांच्या मुलखात काम सुरू झाले. २३ मे रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा भरून वेठ करावयाची नाही, आणि रोजी बारा आणे रोख मिळाल्यावाचून मालकाच्या खाजगी शेतावर राबावयाचे नाही, असे ठरले. हे ठराव वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत उद्धार, उन्नती, जागृती असले शब्द नाहीत. बारा आणे आहेत. देण्याची भाषा अशी असते.

गोदावरीबाईंनी प्रथम काय शिकले हे त्या विस्ताराने सांगतात. पांढऱ्या कपड्यातील मनुष्य दिसताच लोक रानात पळत. म्हणून त्यांच्यात राहणे, त्यांचेच अन्न खाणे, रात्ररात्र त्यांचे ऐकत बसणे हे आधी आले, भाषण नंतर. कोणत्याही कार्यकर्त्याने हा भाग दोनदा वाचावा. पुढे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. तेव्हा बाईंचे नाव पुढे करून उठविलेल्या एका अफवेवर विश्वासून तलवाड्यास मोठा जमाव जमला आणि ११ ऑक्टोबर रोजी पोलिसांनी त्यावर गोळीबार केला. पाच माणसे मेली. बाई तेथे नव्हत्या. ज्यांनी विश्वास टाकला ते मेले, आणि जिच्यावर टाकला ती जिवंत राहिली, ही गोष्ट कोणाही प्रामाणिक लेखकाच्या लेखणीस जड व्हावी अशीच आहे. परंतु त्या गोळीबारानंतरही संप मोडला नाही. संघटना पुढाऱ्याच्या पायावर उभी आहे की स्वतःच्या, याची याहून कठोर परीक्षा कोणती? देवळालीकरांच्या घरात नाथ गप्प झाले की सगळे संपते. तलवाड्याच्या रानात पुढारी नसताही लोकांचा शब्द टिकला.

या पुस्तकासही मर्यादा आहेत. वारली बोलतात ते बाईंच्या मुखाने. जमीनदार एकाच रंगात रंगविलेले आहेत, आणि पक्षाचे धोरण जेथे येते तेथे निवेदनातील ओलावा कमी होतो. जागा होणारा माणूस कोण, वारली की त्यांच्यात गेलेली सुशिक्षित स्त्री, हा प्रश्न शीर्षक सुचविते, पण पुस्तक त्याचा पुरता पाठपुरावा करीत नाही. तरीही १९७२ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले हे पुस्तक त्यागाचे प्रदर्शन न करता लिहिलेले आहे, हा गुण दुर्मिळ आहे. बाईंनी स्वतः काय सोडले याचा हिशेब त्यात शोधून काढावा लागतो.

४

येथवर आपण देणेकऱ्याच्या बाजूने पाहिले. घेणेकऱ्याच्या बाजूने पाहावयाचे तर ‘आम्हीही इतिहास घडवला’कडे वळले पाहिजे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेत दोघी लेखिका गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या त्यांनी हुडकून काढल्या, आणि त्यांचे बोलणे टिपून घेतले. पुस्तकाचा पूर्वार्ध इतिहासाचा व उत्तरार्ध या मुलाखतींचा आहे.

यांतील बहुतेक स्त्रिया चळवळीत आल्या त्या कोवळ्या वयात. १९४२ च्या जुलैत नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा कौसल्या बैसंत्री या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास बंदी, कामगार स्त्रियांच्या रजा अशा विषयांवर ठराव केले. सुशिक्षित घरांतही ज्या गोष्टी तेव्हा दबक्या आवाजात बोलल्या जात त्या तेथे मांडवात बोलल्या गेल्या. राधाबाई कांबळे नागपूरच्या गिरणीत काम करीत. नाशिकच्या शांताबाई दाणी दादासाहेब गायकवाडांच्या सहवासात चळवळीत आल्या आणि १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. अशांच्या बाबतीत त्याग हा शब्द वापरून पहा. तो बसत नाही. सोडावयास त्यांच्याजवळ होतेच काय? उलट संघटनेने त्यांना पुष्कळ दिले. चारचौघांपुढे उभे राहून बोलणे, सभेची नोंद लिहिणे, वर्गणी गोळा करून तिचा पैन् पै हिशेब देणे, आपल्या नावाने हाक मारली जाणे, हे त्यांना तेथे मिळाले. घरच्यांचा विरोध, उपास, नवऱ्याचा संशय, म्हातारपणीचा एकटेपणा हेही त्या सांगतात; पण ते सांगताना स्वतःची कीव करीत नाहीत. मध्यमवर्गीय नायक संघटनेत जाताना काहीतरी गमावून जातो. या मुली तेथे स्वतःस मिळविण्यास गेल्या. एकाच दारातून आत येणाऱ्या या दोन प्रकारच्या तरुणांतला भेद आपल्या कादंबरीने ओळखला नाही, ही त्या ग्रंथाची खरी शिकवण आहे.

महाडच्या सत्याग्रहाचीही गोष्ट अशीच. चवदार तळे म्हटले की १९२७ सालच्या मार्चातील २० तारीख आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु त्या दिवसामागे कित्येक वर्षांची तयारी होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टात कौन्सिलात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा निर्णय केला, आणि तो कागदावरच राहिला. त्या परिसरात परिषद भरवावी ही कल्पना ज्यांनी धरून ठेविली ते रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा विशीच्या आरंभीचे होते. लहानपणी महाडच्याच इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला असता त्याविरुद्ध त्यांनी अर्ज केला होता. त्यांच्या आठवणी २००३ साली ग्रंथरूपाने निघाल्या. त्यांत भाषणांपेक्षा पायपीट अधिक आहे. परिषद भरली तेव्हा हजारो माणसांना लागणारे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, आणि त्यास चाळीस रुपये पडले. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या सभेच्या जमाखर्चात पाण्याचेच चाळीस रुपये मांडावे लागावेत, या एका रकमेत जे आहे ते एखाद्या संपूर्ण कादंबरीत सापडणार नाही.

याच महाडात अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्तेही होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे, निर्णय परिषदेचा, आणि या मंडळींनी पडेल ते काम केले. सुशिक्षित घरातील तरुणाने अशा कार्यात कोठे उभे राहावे याचा हा नमुना होय. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेही याच दृष्टीने पाहावे. ते उपोषण अस्पृश्यांवरील उपकार म्हणून नव्हते. सवर्णांकडे थकलेले देणे सवर्णांच्याच दारात बसून मागणे ते होते. आधी महाराष्ट्रभर दौरा करून गुरुजींनी तो तगादा गावोगाव पोहोचविला होता.

‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात वाङ्मयगुण कितपत आहेत, असे कोणी विचारील. मुलाखती साध्या आहेत; काही फार त्रोटक आहेत, पुष्कळ ठिकाणी तेच ते प्रसंग पुन्हा येतात, आणि बाबासाहेबांवरील भक्तीमुळे चळवळीतील आपसातले मतभेद बरेचसे न बोलता राहतात. हे दोष मान्य करूनही आमचे म्हणणे असे की, तरुण मनुष्य एखाद्या समूहात राहून कसा घडतो या विषयावर मराठीत जे थोडे विश्वसनीय लेखन आहे, त्यात या ग्रंथाची जागा फार वरची आहे.

५

एक शंका राहते, आणि ती टाळणे योग्य होणार नाही. संघटना म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध, असे कोठे आहे? संघटना फुटतात, तरुणांना वापरून टाकतात, पुढाऱ्यांच्या भांडणात त्यांची उमेदीची वर्षे वाया जातात. दलित पँथरचेच उदाहरण घ्या. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली आणि त्याच महिन्यात मोर्चात भागवत जाधव हा तरुण प्राणास मुकला. त्याच वर्षी राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्यात फूट पडली, आणि ७ मार्च १९७७ रोजी ढाले व ज. वि. पवार यांनी संघटना विसर्जित केल्याचे जाहीर केले. ज. वि. पवार यांनी लिहिलेला इतिहास आणि ढसाळांचे याच विषयावरील लेखन शेजारी ठेवले, तर अनेक ठिकाणी एक दुसऱ्यास खोडतो.

ही शंका खरी आहे. पण तिच्यावरून संघटनेस नावे ठेवणे म्हणजे भांडणे होतात म्हणून घर मोडणे होय. भांडणाऱ्या दोघांची पुस्तके आपणांस वाचावयास मिळतात आणि आपण त्यांचा ताळा पाहू शकतो, याचाच अर्थ तेथे उलट विचारणारे कोणी होते. एकट्या माणसाचे चुकते तेव्हा त्याची चूक दाखविण्यास कोणी नसते, आणि त्याचा भार घरातील दुबळ्यावर पडतो. ‘कन्यादान’मध्ये तो ज्योतीवर पडला. शिवाय पाच वर्षांत मोडलेल्या त्या संघटनेने अत्याचाराची बातमी ही केवळ वाचून बाजूस ठेवण्याची गोष्ट नाही, हे महाराष्ट्रास शिकविले. ते शिक्षण तिच्यासोबत विसर्जित झाले नाही.

मराठी लेखकांनी यावरून काय घ्यावे? आम्हांस वाटते, त्यांनी थोडे दिवस व्यासपीठ सोडून मागल्या खोलीत जावे. तेथे सतरंज्या झटकल्या जातात, वर्गणीच्या पावत्या जुळत नाहीत, ठरावाच्या एका शब्दावरून रात्रीचे बारा वाजतात, आणि वस्तीतून आलेली एखादी बाई सुशिक्षित चिटणिसास सांगते की तुमचा कागद आमच्या कामाचा नाही. त्या क्षणी त्या चिटणिसाच्या तोंडावर जे उमटते ते मराठी कादंबरीत अजून पुरेसे आलेले नाही. नायकाने नोकरी सोडल्याचा प्रसंग आपण शंभर वेळा वाचला. त्याने त्या बाईचे म्हणणे ऐकून कागद पुन्हा लिहिल्याचा प्रसंग क्वचितच वाचला असेल.

आणि वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्यांनी, काय घ्यावे? मुलाने असे नाव घेऊन घरी यावे तेव्हा भिऊ नये आणि फुशारूनही जाऊ नये. त्यास काही साध्या गोष्टी विचाराव्यात. तुमच्या मंडळात निर्णय कोण घेते? ज्यांच्यासाठी काम करता त्यांतील किती जण बैठकीस असतात? पैशाचा हिशेब कोणापुढे मांडता? तुमचे चुकले तर तुम्हांस कोण सांगते, आणि सांगितले तर तुम्ही ऐकता काय? या प्रश्नांस मुलाजवळ उत्तरे असतील, तर त्याची परीक्षा थोडी मागे पडली तरी त्याचे शिक्षण चालू आहे असे समजावे. उत्तरे नसतील, तर ती शोधण्यास त्यास परत पाठवावे. ते काम सोडण्यास सांगू नये. नाथ देवळालीकरांनी आपल्या मुलीस पुष्कळ शिकविले. परंतु हे प्रश्न त्या घरात कोणी कोणास विचारले असते, तर तेंडुलकरांस निराळे नाटक लिहावे लागले असते.